अठरा रंगांचा डाव

बंगळूर शहरात विधानसौधाच्या समोर तांबड्या रंगाची, ग्रीक धाटणीच्या खांबांची एक लांबलचक दुमजली इमारत उभी आहे. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. परंतु गावात तिचे नाव ‘अठरा कचेरी’ असेच रूढ झाले. १८६४ साली तिचे बांधकाम सुरू झाले व १८६८ साली ते पुरे झाले. तोपर्यंत सरकारची अठरा खाती किल्ल्यातील टिपूच्या वाड्यात कशीबशी दाटीने नांदत होती. ती येथे आली आणि त्यांची संख्याच इमारतीचे नाव होऊन बसली.

अठरा हा आकडा म्हैसूरच्या राज्याला नवा नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस चिक्कदेवराज वोडेयर ह्या राजाने मोगली पद्धतीवर आपल्या कारभाराची अठरा खाती पाडली, असे इतिहास सांगतो. हाच तो राजा, ज्याने बंगळूर विकत घेतले. १६३८ साली विजापूरकरांनी हे गाव जिंकून शहाजीराजांकडे जहागीर म्हणून सोपविले होते. शहाजीराजांमागे ते व्यंकोजीराजांकडे आले. त्यांनी ते तीन लक्ष रुपयांस विकण्याची बोलणी चालविली असतानाच १६८७ साली मोगलांचा सरदार कासीमखान तेथे येऊन थडकला, आणि अखेर चिक्कदेवराजाने त्याच रकमेस ते मोगलांकडून घेतले. असो. अठरा ह्या आकड्याशी म्हैसूरच्या घराण्याचे आणखीही एक नाते आहे. ते राज्यकारभारातले नव्हे, खेळातले आहे. परंतु ते कळण्यास आधी गंजिफा समजावून घ्यावयास हवी.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले, बहुधा वाटोळे पत्ते. इराणातून हा खेळ मोगलांबरोबर आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शहा हसन ह्याजकडे गंजिफाचा एक जोड धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफा आठ रंगांची: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश. मुकुट, रुपे, तलवार, नोकर, वीणा, सोने, दस्तऐवज आणि माल असा त्यांचा अर्थ. ही नावे एका ओळीत वाचली, की डोळ्यांपुढे दरबारच उभा राहतो. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर व एक ते दहापर्यंत पाने. ‘आइने-अकबरी’त अबुल फजलाने बादशहाच्या पत्त्यांचे जे वर्णन दिले आहे, त्यात तर दस्तऐवजांच्या रंगाचा राजा फर्माने तपासीत बसला आहे, आणि त्याच्या हाताखालच्या पानांवर कागद करणारा, कागदावर रेघा आखणारा, दफ्तरात नोंद करणारा अशी माणसे काढलेली आहेत. कारकुनासही पत्त्यावर जागा मिळाली, असा हा बहुधा एकच खेळ असावा.

त्याच ठिकाणी अबुल फजल एक मौजेची गोष्ट सांगतो. पूर्वीच्या ज्ञात्यांनी बारा हा आकडा धरून खेळ रचला खरा, पण बारा राजे बारा तऱ्हांचे असले पाहिजेत हे त्यांच्या ध्यानी आले नाही. ती उणीव बादशहाने भरून काढली. म्हणून अकबराच्या जोडात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती येथपासून अहिपतीपर्यंत बारा निरनिराळे राजे आले व पाने एकशे चव्वेचाळीस झाली. जुन्यांना हे सुचले नव्हते, आता ते सुधारले आहे, असे म्हणणारा अबुल फजल काही शेवटचा नव्हे. पण लोकांनी काय केले? शाही सुधारणा ग्रंथात राहिली, आणि देशभर पसरली ती साधी आठ रंगांची गंजिफा.

दक्षिणेत व कोकणात ह्या खेळाने वेगळाच अवतार घेतला, आणि तोही शब्दशः. आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण एकशे वीस. तिघांनी बसावयाचे, प्रत्येकास चाळीस पाने. पहिल्या पाच अवतारांत राजा व प्रधान ह्यांच्या खालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. परशुरामापासून पुढल्या पाच अवतारांत उलट, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. दिवसा खेळ असेल तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची. रात्री असेल तर कृष्णाचा राजा असेल त्याची. रामाचा जन्म माध्यान्हीचा व कृष्णाचा मध्यरात्रीचा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही. कायमचा हुकमी रंग ह्या खेळात नाही. एखाद्या रंगाची वरची पाने पडून गेली, की खालचे पान आपोआप श्रेष्ठ ठरते. म्हणून कोणते पान पडले आणि कोणते कोणाच्या हाती उरले, ह्याचा हिशोब डोक्यात ठेवणारा तो खरा खेळाडू.

सावंतवाडीस हा खेळ तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी आणला, अशी परंपरा सांगतात. तेथील चिताऱ्यांनी चिंचोक्यांच्या खळीवर रंग चढवून व वर लाखेचा हात देऊन ही पाने पिढ्यान्‌पिढ्या केली. ओरिसात नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ बसला. गावोगाव नियमांत थोडाफार फरक पडे. कोठे उतारीची रीत निराळी, कोठे पाने वाटण्याची. बसलेल्यांतील वडीलधारा माणूस सांगेल तो नियम. नियमांचे पुस्तक कोणी उघडीत नसे, कारण बहुधा ते नव्हतेच.

आता म्हैसूरकडे वळावयास हरकत नाही. १७९९ साली टिपू पडल्यावर इंग्रजांनी वोडेयर घराण्यातील पाच वर्षांच्या मुलास गादीवर बसविले. हाच मुम्मडि कृष्णराज, म्हणजे तिसरा कृष्णराज वोडेयर. प्रथम दिवाण पूर्णय्यांनी कारभार पाहिला, पुढे राजाने स्वतः पाहिला. परंतु नगर प्रांतातील बंडाळीचे निमित्त होऊन १८३१ साली इंग्रजांनी सर्व कारभार त्याच्या हातून काढून घेतला. सत्तेचे ठाणे म्हैसूरहून उठून बंगळूरास गेले. १८३४ पासून १८६१ पर्यंत मार्क कब्बन हा कमिशनर बंगळुरात बसून राज्य हाकीत होता. त्याच्या हाताखालच्या दफ्तरांत मराठी बोलणारे देशस्थ कारकून पुष्कळ होते. राजा मात्र म्हैसूरला उरला. पदवी होती, वाडा होता, तनखा होता, कचेरी नव्हती.

ह्या सदतीस वर्षांत त्याने राज्य परत मिळावे म्हणून अर्जामागून अर्ज केले, विद्वानांस व चित्रकारांस आश्रय दिला, आणि खेळ रचले. बुद्धिबळातील घोड्याला पटाच्या चौसष्ट घरांतून प्रत्येकी एकदाच फिरविण्याची कोडी त्याने सोडविली, नवे पट आखले, आणि गंजिफा हाती घेतली. ‘श्रीतत्त्वनिधि’ हा चित्रांनी नटलेला त्याच्या नावाचा प्रचंड ग्रंथ नऊ निधींचा आहे. त्यातील शेवटच्या ‘कौतुकनिधि’त ह्या खेळांचे वर्णन आले आहे. म्हैसुरी गंजिफाच्या ह्या नव्या जातीला ‘चाड’ म्हणत. जुन्या दहा रंगांनी राजाचे समाधान झाले नाही. काही चाडांत रंगांची संख्या अठरावर गेली. राजा व प्रधान ह्या दोन मानाच्या पानांच्या जागी सहा मानाची पाने आली, साधी पाने दहाची बारा झाली. कायमचे हुकमी रंग आले, वाटेल त्या पानाची जागा घेणारी पानेही आली. एकेका जोडात तीनशे साठपर्यंत पाने भरली.

ज्याची अठरा खाती बंगळुरात दुसऱ्याच्या हाताखाली चालली होती, त्याने आपल्या वाड्यात अठरा रंगांचे राज्य मांडले, ह्या योगायोगाचा फार अर्थ लावू नये. अठरा हा आकडा पुराणांचा आहे, भारतातील पर्वांचा आहे; राजा धर्मनिष्ठ होता आणि त्याला संख्यांची आवड होती. तरीही ते चित्र मनातून हालत नाही. त्याचा मृत्यू २७ मार्च १८६८ रोजी झाला. बंगळूरची अठरा कचेरी पुरी झाली ती त्याच वर्षी. वर्षभर आधी त्याच्या दत्तक पुत्राचा वारसा इंग्रजांनी मान्य केला होता, आणि १८८१ साली राज्य खरोखरच घराण्याकडे परत आले. चाड मात्र परत आला नाही. राजाच्या निकटच्या मंडळींबाहेर तो कधी गेलाच नसावा. तीनशे साठ पाने रंगविण्यास चित्रकार हवा, वाटण्यास वेळ हवा, आणि नियम पाहण्यास ग्रंथ जवळ हवा. त्या ग्रंथाची प्रत सामान्याच्या घरी कोठून असणार?

ह्याच जातीचा एक कलह पाश्चात्त्य देशांत गेली काही दशके चालू आहे, आणि आजच्या बंगळूरच्या तरुण मंडळींतही त्याचे पडसाद उमटतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती बसून एकाने अद्‌भुत प्रदेशाची कथा सांगावयाची व इतरांनी योद्धा, मांत्रिक अशी सोंगे घेऊन त्या कथेत वावरावयाचे, काय घडले ते फाशांनी ठरवावयाचे, असा हा खेळ. पहिली आवृत्ती म्हणजे एका पेटीतील तीन लहान पुस्तिका. पुढे १९८९, २०००, २००८ व २०१४ साली नव्या आवृत्त्या निघाल्या. २००० सालची आवृत्ती जाडजूड ग्रंथांची झाली. प्रत्येक झटापटीला नियम व प्रत्येक नियमाला पोटनियम. तेव्हा जुने खेळाडू मागे वळले. कंपनीने त्याच वर्षी जो खुला परवाना दिला होता, त्याच्याच आधाराने २००६ पासून त्यांनी जुने नियम नव्याने छापून घेतले. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या पुस्तिकांत ज्या जागा मोकळ्या होत्या, त्या भरून काढणे हेच कथा सांगणाऱ्याचे काम होते. नव्या ग्रंथाने ते काम हिरावून घेतले.

ह्या तक्रारीत आठवणींचा कढ पुष्कळ आहे, हे उघड आहे. ज्याने पंधराव्या वर्षी जो खेळ खेळला, तोच त्याला आयुष्यभर खरा वाटतो. शिवाय नव्या आवृत्तीने नवे खेळाडू आणले, हेही नाकारता येत नाही. परंतु तेवढ्याने तक्रार खोटी ठरत नाही. दशावतारी डावात ‘आमच्याकडे असे नाही, असे खेळतात’ असे म्हणण्यास बसलेल्या प्रत्येकाला वाव होता. चाडात तसे म्हणणारा कोणी नव्हता, कारण नियम राजाचा होता.

असे असले तरी जुनी गंजिफा तगली, असेही सहजी म्हणता येणार नाही. १८३० नंतरच्या दशकात लंडनच्या द ला रू ह्यांनी पत्ते रंगीत छापण्याची नवी रीत चालू केली. पुढे यंत्रावर छापलेले बावन्न पानांचे स्वस्त जोड हिंदुस्थानच्या बाजारपेठांत आले, आणि चिताऱ्याच्या हाताला त्या किमतीशी सामना देता आला नाही. बंगळूरच्या छावणीतील गोऱ्या अंमलदारांचे पाहून शहरवासीयांनीही तेच पत्ते उचलले. विसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडीत हे काम जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या शिकून घेतली, आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्याच्या दरबारी दालनातच कारागिरांस बसवून तिला पुन्हा उभे केले. त्याच सुमारास मुंबईत राहणाऱ्या रुडॉल्फ फॉन लेडन ह्या कलासमीक्षकाने देशभरचे जोड गोळा केले. म्हैसूरच्या चाडावर त्याने १९७३ साली एक पुस्तक लिहिले, आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील प्रदर्शनाच्या निमित्ताने समग्र गंजिफावर दुसरे. म्हैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानाने जुन्या पटांची व सोंगट्यांची प्रदर्शने भरविली.

ह्या मंडळींचे उपकार मोठे आहेत. मात्र त्यांनी वाचविले ते पान. डाव वाचविणे त्यांच्या हाती नव्हते. आज सावंतवाडीचा वा म्हैसूरचा जोड बहुधा भेट म्हणून दिला जातो, मत्स्याचा राजा चौकटीत बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर जातो. त्याच्या रंगात दश्शी मोठी की एक्का, हे यजमानाला विचारले तर तो हसून पेटीवरचे छापील कागद शोधू लागतो. ओरिसातील काही गावांतून मात्र म्हातारी माणसे अद्याप संध्याकाळी देवळाजवळ गंजिफा मांडून बसतात. तेथे पाने हाताळून हाताळून मळतात, कडांचा रंग उडतो, आणि मग चित्रकाराला नवा जोड करावयास सांगावे लागते.