विज्ञानकथेतील जनुकीय आपत्ती

विज्ञानकथेतील एक प्रमुख कथाविषय. सजीवाच्या आनुवंशिक द्रव्यात प्रयोगशाळेत केलेला फेरफार हाताबाहेर जातो आणि त्यातून व्यक्तीवर, समाजावर किंवा परिसरावर संकट ओढवते, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. रोगजंतू, पीक, प्राणी आणि माणूस यांपैकी काय बदलले यावरून या कथांचे चार ढोबळ प्रकार पडतात. अशा कथांत प्रयोग सहसा फसत नाही. तो ठरल्याप्रमाणे यशस्वी होतो. कमी पडते ती त्याची राखण.

उगम व विकास : मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) ही या परंपरेची आद्य कादंबरी मानतात. तीत जनुक नाही. मात्र निर्मात्याने आपल्याच निर्मितीला वाऱ्यावर सोडणे हे पुढच्या असंख्य कथांचे बीज तीत आहे. एच. जी. वेल्स यांच्या ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ (१८९६) मध्ये प्राण्यांना शस्त्रक्रियेने माणूसपण दिले जाते, तर ऑल्डस हक्सले यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मध्ये माणसांची पैदास कारखान्यात, ठरवलेल्या दर्जांनुसार होते. ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’ हा शब्दप्रयोग जॅक विल्यमसन यांनी १९५१ मध्येच ‘ड्रॅगन्स आयलंड’ या कादंबरीत वापरला होता. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडली ती त्यानंतर, १९५३ मध्ये.

१९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्यात बसवून दाखवले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञांनीच एकत्र येऊन अशा प्रयोगांना सुरक्षिततेच्या मर्यादा घालून घेतल्या. मायकेल क्रायटन यांच्या ‘जुरासिक पार्क’ (कादंबरी १९९०, चित्रपट १९९३) मध्ये डायनोसॉरच्या डीएनएमधील तुटलेले दुवे बेडकाच्या डीएनएने सांधले जातात आणि केवळ माद्याच निर्माण करूनही त्यांची वीण सुरू होते. उद्यानाची कुंपणे मात्र निकामी होतात ती प्रतिस्पर्धी कंपनीला फितूर झालेल्या एका संगणकतज्ज्ञामुळे. १९९७ मध्ये ‘डॉली’ या क्लोन मेंढीची बातमी जाहीर झाल्यावर क्लोन हा कथाविषय रुळला. २०१८ मध्ये चिनी संशोधक हे च्यानक्वे यांनी जनुक-संपादित जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले आणि पुढील वर्षी त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. मानवी गर्भातील फेरफाराला तेव्हापासून कल्पित म्हणता येत नाही.

मराठीतील परंपरा : मराठी विज्ञानकथेला बळ मिळाले ते १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेतून आणि ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांतून. जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा १९७४ मध्ये टोपणनावाने याच स्पर्धेला पाठवली होती. त्यांच्या लेखनाचा ओढा खगोलशास्त्राकडे राहिला. भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले बाळ फोंडके प्रयोगशाळेच्या अनुभवानिशी या क्षेत्रात आले. सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे आणि शुभदा गोगटे हे या प्रवाहातील इतर महत्त्वाचे लेखक होत.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटत नाही, कारण त्याचे दोन साचे पुराणकथांतून घरोघरी पोचलेले आहेत. विश्वामित्राची प्रतिसृष्टी हा पहिला आणि भस्मासुर हा दुसरा. भस्मासुराच्या कथेत वरात खोट नाही. तो नेमका लागू पडतो. परिणामांचा विचार न करता वर देणारा तेथे अडचणीत येतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी निर्मात्याला जाब विचारते, तर भस्मासुराची कथा परवानगी देणाऱ्याला. मराठी मुलखात जनुकीय पिकांवर जो वाद झाला, तो बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरला.

वास्तवाशी संबंध : भारतात बोंडअळीला मारक जनुक बसवलेल्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. बोंडअळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून शेताच्या कडेने बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावणे बंधनकारक होते. ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत त्यासाठी १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळत असे. अनेकांनी ती पेरलीच नाही. गुलाबी बोंडअळी दोन जनुकांच्या वाणालाही पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने मोठे नुकसान केले. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीची मंजुरी मिळाली. मात्र जाहीर सुनावण्यांनंतर ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. राक्षसी प्राणी यात कोठेच नाही. आहे ती न पेरलेली पुडी आणि वादात सापडलेली मंजुरी.

गोव्याचा संदर्भ : गोव्यात घडणारी, या विषयाच्या जवळपासची सर्वांत परिचित कथा म्हणजे ‘गो गोवा गॉन’ (२०१३) हा हिंदी चित्रपट. बेटावरील रेव्ह पार्टीत वाटलेल्या नव्या अमली गोळीने माणसे झोंबी होतात. आदित्य सरपोतदार यांचा मराठी ‘झोंबिवली’ (२०२२) हे संकट डोंबिवलीत आणतो. दोन्हींत जनुकीय फेरफार नसल्याने ते या विषयाच्या सीमेवरच राहतात.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत या विषयाला लागणारी सामग्री मात्र मुबलक आहे. तेरेखोल, शापोरा आणि मांडवीच्या काठच्या खाजन जमिनी बांध आणि मानशी (पाण्याची दारे) यांच्या आधाराने खाऱ्या पाण्यापासून राखल्या जातात. पावसाने मीठ धुऊन गेल्यावर तेथे कोरगुट हे खारेपण सोसणारे भात घेतात. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातून निवड करून सुधारित वाण दिले. ही निवड आहे, जनुकीय फेरफार नव्हे. पेडण्यातील हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भात बहुतांशी स्वपरागित असल्याने बदललेले जनुक वाऱ्याबरोबर शेजारच्या कुणग्यात जाण्याचा धोका कमी. मिरचीत परपरागण बरेच अधिक होते. त्यामुळे निसटलेल्या जनुकाची कथा हरमलच्या मिरचीवर जितकी पटेल, तितकी कोरगुटावर पटणार नाही. हा फरक न पाळणारी कथा विज्ञानकथा न राहता भयकथा होते.

मूल्यमापन : या कथांवर विज्ञानविरोधी असल्याचा आक्षेप घेतला जातो. पडद्यावरच्या पुष्कळ कृतींना तो लागू आहे. त्यांत प्रयोगशाळा केवळ भूत जन्माला घालण्यापुरती येते. उत्तम कथा मात्र जनुक कोणते, ते कोठून आणले, परवानगी कोणी दिली आणि देखरेख कोणाकडे होती, याचा हिशेब चोख ठेवतात. कथेचा कस याच हिशेबावर ठरतो.