डायपरच्या पाकिटावरील हिरव्या खुणांची कुळकथा

तान्ह्या बाळाच्या डायपरच्या किंवा वेट वाइप्सच्या पाकिटावर बाण, हंस, फूल, पान, कासव अशा खुणा छापलेल्या असतात. काही सरकारांनी ठरवल्या, काही उद्योगांनी आपल्या सोयीसाठी आणल्या, तर काही निव्वळ जाहिरातीतून जन्मल्या. छापल्यावर त्या एकाच पंगतीत बसतात आणि ग्राहकाला सारख्याच विश्वासाच्या वाटतात. कोणत्या खुणेमागे कोणाची तपासणी उभी आहे, हे त्यांच्या जन्मकथेतून कळते.

सर्वांत ओळखीची खूण म्हणजे एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचा त्रिकोण. 1970 साली अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्याच वर्षी कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या पुठ्ठा बनवणाऱ्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी चिन्हस्पर्धा ठेवली आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील 23 वर्षांचा गॅरी अँडरसन ती जिंकला. कागद पुन्हा कागद होतो, एवढेच त्या बाणांना सांगायचे होते. चिन्ह सर्वांना वापरण्यासाठी खुले राहिले आणि त्यामुळे ते कोणाच्याही हाती गेले. 1988 मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने बाणांच्या त्रिकोणात 1 ते 7 आकडे घालून प्लॅस्टिकचे प्रकार दाखवायला सुरुवात केली. आकडा फक्त जात सांगत होता, पण बाणांमुळे ग्राहकांनी त्याचा अर्थ ‘हे पुन्हा वापरात येते’ असा घेतला. हा गैरसमज इतका रुजला की 2013 मध्ये त्या मानकातून बाण काढून साधा त्रिकोण ठेवावा लागला. जुने साचे आणि जुनी सवय मात्र टिकून राहिली.

डायपरच्या बाबतीत हा घोटाळा अधिक गंभीर आहे. बाहेरची पिशवी बहुधा एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते. स्वच्छ आणि कोरडी मिळाली तर ती वितळवून पुन्हा वापरता येते. आतल्या डायपरमध्ये मात्र लाकडाचा लगदा, पाणी शोषून जेलीसारखा फुगणारा सोडियम पॉलिअॅक्रिलेट, पॉलिप्रॉपिलीनचे मऊ अस्तर, पॉलिएथिलीनचा पापुद्रा, इलॅस्टिक आणि गोंद हे सारे एकमेकांना चिकटलेले असते. पिशवीवरचा बाण पिशवीपुरताच खरा असतो.

त्रयस्थाने तपासून दिलेल्या खुणेची सुरुवात पश्चिम जर्मनीत झाली. 1978 मध्ये तेथील सरकारने ‘ब्लाउअर एंगेल’, म्हणजे निळा देवदूत, हे चिन्ह आणले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या बोधचिन्हावरून ते घेतले होते. प्रत्येक वस्तुवर्गासाठी आधी निकष ठरवायचे, ते जाहीर करायचे, उत्पादकाने पुरावे द्यायचे आणि मगच ठरावीक मुदतीसाठी परवाना मिळायचा, ही पद्धत या चिन्हाने घालून दिली. पुढची बहुतेक सरकारी चिन्हे हाच आराखडा घेऊन निघाली. 1991 मध्ये जर्मनीतच वेष्टनांच्या कचऱ्याचा भार उत्पादकांवर टाकणारा नियम आला आणि त्यातून हिरवा ठिपका जन्मला. त्या ठिपक्याचा अर्थ इतकाच, की हे वेष्टन गोळा करण्याच्या व्यवस्थेसाठी कंपनीने शुल्क भरले आहे. वेष्टन कशाचे आहे आणि पुढे त्याचे काय होते, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

बाळांच्या वस्तूंचा प्रश्न ऐरणीवर आला तो लगद्याच्या शुभ्रतेमुळे. लाकडाचा लगदा क्लोरीन वायूने पांढरा करताना डायऑक्सिनसारखी घातक द्रव्ये तयार होतात आणि ती गिरण्यांच्या सांडपाण्यातून नद्या-समुद्रात जातात, हे 1980 च्या दशकात स्पष्ट झाले. स्वीडनमध्ये याची चर्चा घराघरांत पोचली, कारण तोच लगदा बाळांच्या लंगोटात होता. 1989 मध्ये नॉर्डिक देशांच्या मंत्रिपरिषदेने हंसाचे सामाईक चिन्ह ठरवले आणि पुढे डायपरही त्याच्या कक्षेत आले. क्लोरीन वायूऐवजी दुसऱ्या मार्गाने लगदा पांढरा करण्याकडे उद्योग वळला, त्यात ग्राहकांच्या या आग्रहाचा वाटा मोठा होता. या साऱ्या इतिहासात खुणेमागच्या मागणीने कारखान्याची प्रक्रियाच बदलल्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडते.

अमेरिकेत नेमके उलटे घडले. तेथे दावा आधी आला आणि तपासणी मागाहून. 1980 च्या दशकाच्या शेवटी प्लॅस्टिकमध्ये मक्याचा स्टार्च मिसळून ‘निसर्गात विरघळणाऱ्या’ कचऱ्याच्या पिशव्या आणि डायपर बाजारात आले. स्टार्च जिवाणू खातात, पण उरलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे होतात आणि ते तुकडे प्लॅस्टिकच राहतात. शिवाय खोल, कोरड्या, हवाबंद कचराभूमीत कुजण्याची क्रियाच अतिशय मंद असते. अॅरिझोना विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे आणि त्यांचे सहकारी तेव्हा कचराभूमी खणून पाहत होते. त्यांना कित्येक दशके जुनी वर्तमानपत्रे वाचता येतील अशा स्थितीत सापडली. जिथे कागद टिकतो तिथे डायपर काही वर्षांत नाहीसा होईल असे सांगणे पालकांची फसवणूक होती. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी पिशव्यांच्या कंपन्यांवर खटले भरले. ‘बनीज’ या नावाने जैवविघटनशील डायपर विकणाऱ्या अमेरिकन एन्व्हायरो प्रॉडक्ट्स या कंपनीविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. त्याच सुमारास, 1992 मध्ये, कमिशनने पर्यावरणविषयक जाहिरातींसाठी ‘ग्रीन गाइड्स’ ही मार्गदर्शिका काढली. वस्तू नेहमीच्या पद्धतीने टाकल्यावर जे घडेल तेच सांगावे, आणि दावा वेष्टनाचा आहे की आतल्या वस्तूचा हे स्पष्ट करावे, ही तिची मुख्य अट होती.

पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या पसाऱ्याची तीन गटांत विभागणी केली: त्रयस्थाने निकष लावून दिलेली चिन्हे, उत्पादकाने स्वतः केलेले दावे, आणि वस्तूच्या जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचे मोजमाप आकड्यांत मांडणारी विवरणे. पाकिटावर हंस पहिल्या गटातला आणि ‘निसर्गस्नेही’ असे लिहिलेले हिरवे पान बहुतेक वेळा दुसऱ्या गटातले असते. युरोपीय समुदायाचे फुलाचे चिन्हही 1992 मध्येच आले, पण डायपरसाठी त्याचे निकष 2014 मध्ये ठरले.

इतका उशीर लागण्याचे एक कारण समजण्याजोगे आहे. कापडी लंगोट बरा की एकदा वापरून टाकायचा डायपर, या साध्या प्रश्नाचेच उत्तर सरळ नव्हते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2005 मध्ये आणि सुधारून 2008 मध्ये केलेल्या अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचा हिशोब काढला. टाकाऊ डायपरमुळे सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार, तर कापडी लंगोटांमुळे सरासरी 570 किलो. पण तेच लंगोट मशीन पूर्ण भरून धुतले, उन्हावाऱ्यात वाळवले आणि धाकट्या भावंडालाही वापरले, तर भार सुमारे 200 किलोंनी घटत होता. यंत्रात वाळवण्याची वीज हाच मोठा फरक. 2023 च्या नव्या ब्रिटिश अभ्यासात कापडाचा भार टाकाऊ डायपरपेक्षा सुमारे 25 टक्के कमी निघाला. दोरीवर लंगोट वाळवणाऱ्या मराठी घरांना या हिशोबात आपली बाजू सहज ओळखता येईल. मात्र धुण्याची ही पद्धत कोणत्याही पाकिटावर छापून येत नाही, आणि चिन्हांच्या व्यवस्थेची ही खरी मर्यादा आहे.

कासवाची खूण सर्वांत अलीकडची आणि स्वभावाने वेगळी आहे. युरोपीय संघाच्या 2019 च्या एकवेळ वापराच्या प्लॅस्टिकविषयक निर्देशानुसार जुलै 2021 पासून प्लॅस्टिक असलेल्या वेट वाइप्सच्या पाकिटावर ‘उत्पादनात प्लॅस्टिक’ असा मजकूर आणि कासवाचे चित्र छापणे बंधनकारक झाले. आधीच्या खुणा चांगल्या वस्तूला शाबासकी देत. ही वाईटाबद्दल सावध करते आणि उत्पादकाला ती टाळता येत नाही. कापडासारखे दिसणारे वाइप्स पॉलिएस्टरचे असू शकतात, हे कित्येक पालकांना तिच्यामुळेच कळले असेल. डायपर मात्र या सक्तीतून बाहेर राहिले.

भारताने या वाटेवर लवकर पाऊल टाकले होते. फेब्रुवारी 1991 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ‘इकोमार्क’ योजना अधिसूचित केली आणि मातीचे मडके हे तिचे चिन्ह ठरवले: मातीतून घडणारे, घडवायला थोडी ऊर्जा घेणारे, घातक कचरा न करणारे. साबण, कागद, कापड, सौंदर्यप्रसाधने, वेष्टने असे वर्ग ठरले. डायपरला स्वतंत्र वर्ग नव्हता. तेव्हा बहुतेक घरांत जुन्या सुती साड्यांचे लंगोट आणि दुपटीच होती. इतके अर्थपूर्ण चिन्ह बाजारात जवळजवळ दिसलेच नाही, ही खेदाची गोष्ट आहे. योजना ऐच्छिक होती, उत्पादकांना परवान्यासाठी खटपट करण्याचे कारण दिसत नव्हते, आणि ग्राहकांपर्यंत मडके पोचवण्याचे प्रयत्न तोकडे पडले.

दरम्यान डायपर शहरांतून गावांत पोचले आणि ओझे कचरा हाताळणाऱ्यांवर आले. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सॅनिटरी नॅपकिन व डायपर बनवणाऱ्यांना पाकिटासोबत गुंडाळून टाकण्यासाठी पिशवी किंवा कागद देण्यास सांगितले. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने नागरिकांना सांगितले, की वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे वर्गीकरण करणाऱ्या बाईला ते उघडावे लागणार नाही. बाकी सर्व खुणा विकत घेणाऱ्यासाठी आहेत. ही एक शेवटच्या हातासाठी आहे, आणि ती कोणत्याही कंपनीने छापलेली नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये इकोमार्कचे नवे नियम अधिसूचित होऊन 1991 ची योजना मागे पडली. पुढच्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरण्यास त्यांनी मनाई केली. दावा संपूर्ण वस्तूचा आहे, तिच्या एखाद्या भागाचा, की फक्त वेष्टनाचा, हेही जाहिरातीत सांगणे आता आवश्यक आहे. पिशवी कागदाची असली तर दावा पिशवीपुरता करता येतो. आतल्या डायपरला तो लागू होत नाही.