एकाच हातपंपाचं पाणी

बंगालच्या खेड्यांत हातपंप आला तो जीव वाचवायला. तळ्यांचं पाणी पिऊन मुलं पटकीनं, हगवणीनं दगावत. म्हणून १९७० च्या दशकात भारत-बांगलादेश सीमेच्या दोन्ही बाजूंना कूपनलिकांची मोहीमच निघाली. पाणी नितळ आणि गार होतं. पण हिमालयातून वाहत आलेल्या गाळात, लोहाच्या संयुगांना चिकटून आर्सेनिकही आलं होतं. प्राणवायू न पोचणाऱ्या थरांत ते सुटून पाण्यात उतरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही.

१९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या अंगावरचे डाग पाहून हे विष ओळखलं. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगावचं पाणी तपासलं.

मी त्वचारोगाची डॉक्टर. कोलकात्यात शिकत असताना उत्तर चोवीस परगण्यातल्या एका घरी गेले होते. तिथल्या दोघी जावा वर्षानुवर्षं एकाच हातपंपाचं पाणी पीत होत्या. थोरलीच्या तळहातांवर खरखरीत घट्टे, छातीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग. धाकटीची कातडी स्वच्छ. थोरलीनं विचारलं, "दीदी, मग मलाच का?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तराचा एक धागा कोलकात्यातच सापडला. आर्सेनिक डीएनएला इजा करतं, आणि ती इजा दुरुस्त करणाऱ्या काही प्रथिनांतलं जस्त हटवून त्यांनाही निकामी करतं. या दुरुस्तीत ईआरसीसी२ या जनुकाचं प्रथिन डीएनएचे धागे उलगडून देतं. २००७ साली अशोक गिरी यांच्या गटानं दाखवलं, की या प्रथिनात ७५१ व्या जागी आई-वडील दोघांकडून लायसिन हे अमिनो आम्लच आलेल्या माणसांत असे घट्टे जास्त आढळतात. यकृत आर्सेनिकवर प्रक्रिया करतं आणि मग ते लघवीवाटे बाहेर पडतं. त्याचा वेगही एएस३एमटी या जनुकाच्या प्रकारांनुसार माणसागणिक बदलतो.

अशा संशोधनातून कुणी 'अमक्यांना हे पाणी चालतं' असा अर्थ काढला, तर तो घोर अन्याय ठरेल. धाकटीलाही कर्करोगाचा धोका आहेच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९३ मध्ये लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. पाण्याची मर्यादा ज्याचा देह सर्वांत कमी सोसतो त्याच्यासाठी असायला हवी, आणि ती प्रत्येक हातपंपाला लागू झालीच पाहिजे.