३ फेब्रुवारी : विरारच्या पोराने विश्वचषक उचलला

२०१८ : न्यूझीलंडमधील माउंट माँगानुई येथे ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरवत भारताने १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषक विक्रमी चौथ्यांदा जिंकला. २१७ धावांचं लक्ष्य मनजोत कालराच्या नाबाद १०१ धावांनी सोपं केलं. कर्णधार होता आपल्या विरारचा पृथ्वी शॉ! आई लहानपणीच गेलेली; वडील पहाटे उठवून त्याला लोकलने वांद्र्याला सरावाला नेत. क्रिकेटची अवजड किट खांद्यावर घेऊन विरार लोकलमध्ये चढणं काय असतं, हे इथल्या कुणाला सांगायला नकोच. २०१३ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत त्याने ५४६ धावा कुटल्या होत्या. विश्वविजयानंतर आठच महिन्यांनी राजकोटला कसोटी पदार्पण आणि पहिल्याच डावात १३४.