वेबसाइट बनवली, पण गुगलवर दिसतच नाही? घोळ कुठं होतो ते समजून घ्या

२४ डिसेंबर १९९९. नाताळच्या शुभेच्छा पाठवायला बसलेल्या अनेकांना हॉटमेल उघडेना. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही ईमेल सेवा तोवर मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली होती. कुणी हॅक केलं नव्हतं, सर्व्हरही जळाला नव्हता. लॉगिनसाठी लागणाऱ्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या डोमेनचे ३५ डॉलर भरायचं मायक्रोसॉफ्ट विसरली होती. शेवटी मायकल चेनी नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रॅमरनं स्वतःच्या कार्डवरून ते पैसे भरले आणि गाडी रुळावर आली.

एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर आपलं काय?

माझ्या मावशीचा दापोलीजवळ छोटा होमस्टे आहे. दीड वर्षापूर्वी तिनं ओळखीतल्या एकाकडून वेबसाइट बनवून घेतली. फोटो छान, मेन्यू छान, पण गुगलवर होमस्टेचं नाव टाकलं तरी साइट येईना. मग एक फोन आला, "मॅडम, महिन्याभरात पहिल्या नंबरवर आणतो." मावशीनं पैसे भरले. नंतर फोन लागायचा बंद झाला. दिवाळीत गेल्यावर मी लॅपटॉप उघडून बघितलं, तर खरा घोळ एका टिकमार्कचा होता.

त्याआधी सर्च इंजिन काम कसं करतं, ते बघू.

गुगल नेमकं करतं काय?

आपण सर्च करतो तेव्हा गुगल त्या क्षणी सगळं इंटरनेट धुंडाळत नाही. काम तीन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा क्रॉलिंगचा. 'गुगलबॉट' हा प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचत फिरत असतो. दुसरा टप्पा इंडेक्सिंगचा. पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची असते ना, तशीच पण अवाढव्य सूची गुगल तयार करतं. तिसरा टप्पा रँकिंगचा, म्हणजे त्या सूचीतली कोणती पानं वर दाखवायची ते ठरवणं.

बहुतेक लोक थेट तिसऱ्या टप्प्यावर पैसे घालवतात. पण साइट सूचीतच नसेल, तर ती वर येणार कुठून?

आधी हे तपासा

गुगलच्या सर्च चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द लिहा, पुढं कोलन द्या आणि जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता टाका. तुमची जी पानं सूचीत आहेत, त्यातली बरीचशी समोर येतील. काहीच आलं नाही, तर बहुधा दार आतून बंद आहे.

हे दार दोन प्रकारे बंद होतं.

एक म्हणजे 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही फाइल. कुठं यावं आणि कुठं येऊ नये, हे बॉटला सांगणारी ही पाटी १९९४ पासून वापरात आहे. दुसरा प्रकार 'नोइंडेक्स' या सूचनेचा, म्हणजे 'पान वाच, पण सूचीत घेऊ नकोस'. दोन्हींत फरक आहे. फक्त पाटी लावली आणि दुसऱ्या कुणी त्या पानाची लिंक दिलेली असेल, तर पत्ता गुगलवर दिसू शकतो. म्हणून एखादं पान खरंच लपवायचं असेल तर नोइंडेक्स वापरा आणि ते पान पाटीवरून अडवू नका. बॉट आतच आला नाही, तर त्याला सूचना वाचता कशी येईल?

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या 'रीडिंग'मध्ये एक चौकोन असतो. त्यावर टिक केली की सर्च इंजिनांना 'ही साइट सूचीत घेऊ नका' असं सांगितलं जातं. साइटचं काम चालू असताना डेव्हलपर ती टिक करतात आणि नंतर काढायला विसरतात. मावशीच्या साइटवर ती दीड वर्ष तशीच होती.

गुगलला आमंत्रण कसं द्यायचं?

'गुगल सर्च कन्सोल' हे मोफत साधन आहे. साइट आपली असल्याचं सिद्ध केलं की कोणती पानं सूचीत आहेत, कोणती नाहीत, का नाहीत आणि लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत येतात, हे सगळं दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या बिंगचंही असंच मोफत साधन आहे.

तिथंच साइटमॅप द्यायचा. साइटमॅप म्हणजे तुमच्या पानांच्या पत्त्यांची यादी. एका फाइलमध्ये ५० हजार पत्ते बसतात, त्यामुळं लहान व्यवसायाला एक फाइल पुरून उरते. वर्डप्रेस ही यादी आपोआप तयार करतं. मात्र यादी दिली म्हणजे प्रत्येक पान सूचीत जाईलच, याची हमी नसते.

मराठी साइटच्या खास अडचणी

आपल्याकडच्या अनेक संस्थांचा जुना मजकूर श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. आपल्याला अक्षरं मराठी दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती भलतीच चिन्हं असतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलला नाही, तर सर्च इंजिनला तो मराठी म्हणून ओळखता येत नाही.

दुसरी सवय पोस्टरची. दर, पत्ता, फोन नंबर सगळं एका सुंदर इमेजमध्ये घालायचं आणि पानावर मजकूर शून्य. व्हॉट्सॲपला ते चालतं, साइटला नाही. महत्त्वाची माहिती पानावर टाइप करा आणि फोटोला वर्णन द्या.

तिसरी गोष्ट शीर्षकाची. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक हवं. 'होम' या शीर्षकातून कुणालाच काही कळत नाही. 'दापोलीजवळ घरगुती जेवणासह होमस्टे' यातून कळतं. आणि आपली बरीच मंडळी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. त्यामुळं गावाचं आणि व्यवसायाचं नाव दोन्ही लिपींत पानावर असू द्या. पण तेच शब्द पन्नास वेळा कोंबू नका, गुगल ते स्पॅम समजतं. कोडमध्ये दडवलेली 'मेटा कीवर्ड'ची यादी रँकिंगसाठी वापरत नाही, हेही गुगलनं २००९ मध्येच सांगितलंय.

मोबाइलवर उघडून बघा

गुगल आता सूचीसाठी साइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्ती वाचतं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी त्यांची अपेक्षा असते. कॅमेऱ्यातून थेट चढवलेले आठ-आठ एमबीचे फोटो इथंच मारतात. ते आधी लहान करून घ्या.

साइट सांभाळायची म्हणजे काय?

- डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. ते डेव्हलपरच्या नावावर असेल, तर उद्या भांडण झाल्यावर पत्ता त्याचा. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि ऑटो रिन्यूअल चालू ठेवा. मुदत संपल्यावर सोडवून घ्यायला काही दिवस मिळतात, पण दंड मोठा असू शकतो. नंतर ते कुणीही घेऊ शकतं.
- एचटीटीपीएस हवंच. ते नसेल तर २०१८ पासून क्रोम ब्राउझर 'सुरक्षित नाही' असं दाखवतो. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं, पण त्याचीही मुदत संपते.
- अपडेट आणि बॅकअप. जुन्या प्लगइनमधून हॅकर शिरतात आणि तुमच्या नावाखाली जुगाराची पानं बनवतात. वर सांगितलेला साइट-कोलन सर्च महिन्यातून एकदा करा, अनोळखी पानं लगेच दिसतील. बॅकअपची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा.
- पत्ता बदलला तर '३०१ रिडायरेक्ट' लावा. नाहीतर जुन्या लिंकवरून येणाऱ्याला '४०४' ची पाटी दिसते.
- माहिती ताजी ठेवा. बंद पडलेला फोन नंबर हा सगळ्यात महागडा घोळ. नकाशावर दिसणारं 'गुगल बिझनेस प्रोफाइल'ही मोफत आहे, तिथला नंबर आणि साइटवरचा नंबर एकच असू द्या.

'पहिल्या नंबरची गॅरंटी' असा फोन आला तर?

सरळ ठेवून द्या. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगल सांगतं. नेहमीच्या निकालांत वर येण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. चांगलं काम करणारे एसइओवाले असतात, पण ते काय बदलणार हे आधी लेखी सांगतात आणि परिणाम दिसायला काही महिने लागतील असंही सांगतात.

मावशीच्या साइटवरची टिक काढली, साइटमॅप दिला, शीर्षकं बदलली. दोन आठवड्यांत होमस्टेचं नाव टाकल्यावर साइट यायला लागली. 'दापोली होमस्टे' टाकलं तर ती अजून बरीच खाली आहे, तिथं वर यायला वेळ लागेल. पण डोमेन आता मावशीच्या नावावर आहे आणि रिन्यूअलची तारीख तिनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवलीये.

तुमच्या साइटची तारीख कधी आहे, माहीत आहे का?