दोन दप्तरांची रुजवात

एकाच दस्तऐवजाच्या दोन नकला दोन संगणकांवर ठेवावयाच्या आणि एकीत झालेला फेरफार दुसरीत बिनचूक उतरवावयाचा, हे काम लिनक्सच्या जगात पाव शतकाहून अधिक काळ इमानेइतबारे करणारी आरसिंक ही आज्ञावली जून 1996 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत सिद्ध केली. युनिक्सवर नकला पाठविणारी आरसीपी ही आज्ञा तत्पूर्वीही होती. परंतु तिला सबंध फाइल नव्याने रवाना करण्यावाचून दुसरे काही ठाऊक नव्हते, आणि मोडेमच्या मंद तारेवर एका ओळीच्या दुरुस्तीपायी अख्खा ग्रंथ पाठविणे परवडणारे नव्हते.

फरक काढण्यासाठी दोन्ही प्रती एकत्र आणाव्यात, तर फरक काढण्याचे प्रयोजनच उरत नाही. या पेचावर उभयतांनी काढलेली तोड अशी की, जुनी प्रत ज्याच्याकडे आहे त्याने तिचे ठरावीक लांबीचे खंड पाडून प्रत्येकाचे दोन ताळे, एक 32 बिटांचा झटपट आणि दुसरा एमडी4 पद्धतीचा 128 बिटांचा खात्रीचा, समोर धाडावेत, व समोरच्याने नव्या प्रतीवरून एकेक बाइट सरकत ते पडताळून, जुळेल तेथे खंडाचा नुसता क्रमांक आणि न जुळेल तेथे मूळ मजकूर परत पाठवावा. खुबी आहे ती पहिल्या ताळ्यात: एक बाइट पुढे सरकताना तो मुळापासून मांडावा लागत नाही, गेलेला वजा व आलेला जमा केला की काम भागते. म्हणूनच आरंभी एखादे अक्षर घुसून सारा मजकूर पुढे ढकलला गेला, तरी रुजवात बिघडत नाही.

तक्रारींचा उगम मात्र या सुंदर गणितात क्वचितच सापडतो. मुळात कोणती फाइल तपासणीस घ्यावी, हे आरसिंक केवळ आकार आणि फेरफाराची तारीख पाहून ठरविते. तारीख जतन करण्याचा ‘-टी’ हा संकेत हुकुमात राहून गेला, की पोहोचलेल्या नकलेवर पोहोचल्याची वेळ पडते आणि पुढल्या खेपेस काहीही न बदललेले दप्तर पुन्हा चौकशीला उभे राहते. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जात असल्याने तोच घोळ तेथेही होतो. त्यासाठी तारखेत किंचित सूट देणारा वेगळा संकेत आहे. उलटपक्षी आकार व तारीख दोन्ही जुळून आतला मजकूर भिन्न असेल, तर ‘चेकसम’चा आग्रह धरल्याखेरीज तो दोष उघडकीस येत नाही. मूळ संचिकेच्या मार्गाच्या शेवटी तिरपी रेघ असली तर आतला ऐवज जातो आणि नसली तर संचिकेसकट जातो, ही तर नवशिक्यांची ठरलेली ठेच!

याहून गंभीर बाब अशी की, कोणती प्रत ताजी याचा निवाडा आरसिंक आपण होऊन करीत नाही. हुकुमाची दिशा चुकली, तर कालची प्रत आजच्या प्रतीवर निमूट चढते. दोन्हीकडे लिहिणाऱ्यांसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पीअर्स यांच्या पुढाकाराने घडलेली युनिसन, मागल्या भेटीचा दाखला जपून, दोन्हीकडे बदल आढळल्यास मालकाला विचारते, आणि हीच रीत मला अधिक न्याय्य वाटते. 2013 साली आलेली सिंकथिंग अशा तंट्यात जुन्या तारखेच्या फाइलीला निराळे नाव देऊन बाजूस ठेविते. अर्थात एका संगणकाचे घड्याळ मागे पडलेले असेल, तर बाजूस पडते ती नवी फाइलच.