म्हैसूरच्या भूमीवरील विमानविद्या आणि डॉ. घाटगे

एच. डी. कोटे तालुक्याचा इतिहास विचारला असता कोणीही जाणकार प्रथम हत्तींची गोष्ट सांगेल. काकनकोटेच्या अरण्यात रानहत्तींचे कळप हाकून खळ्यात कोंडावयाचे आणि माणसाळवावयाचे, हा 'खेड्डा' म्हणजे म्हैसूर संस्थानचे एक जगप्रसिद्ध वैभव होते. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. १९७४ मध्ये कपिला नदीवरील कबिनी धरण पुरे झाले आणि त्या अरण्याचा पुष्कळ भाग पाण्याखाली गेला. परंतु ज्या संस्थानाने हत्ती धरले, त्याच संस्थानाने १९४० मध्ये आपल्या खजिन्यातून पंचवीस लक्ष रुपये काढून विमानाच्या कारखान्यात घातले, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच लक्षात असते. त्या कारखान्यात पहिले भारतीय आराखड्याचे विमान ज्यांच्या नेतृत्वाखाली निर्माण झाले, ते डॉ. विष्णु माधव घाटगे आपल्यापैकीच एक, मराठी भाषक होते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात त्यांचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अगत्याचे वाटण्यास आणखीही एक कारण आहे. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसांच्या मेळाव्यात विमानाचा विषय निघाला की घाटग्यांचे नाव सहसा निघत नाही. निघते ते शिवकर बापूजी तळपदे यांचे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडविले, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे उडविले, ही कथा आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यावर चित्रपटही निघाला. तळपदे हे संस्कृतचे अभ्यासक होते आणि त्यांना विमानाचा ध्यास होता, याविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु ते विमान उडाले यास विश्वसनीय असा समकालीन पुरावा इतिहासास उपलब्ध नाही. इतिहास लिहावयाचा तर पुराव्यानिशी लिहावा लागतो, आणि अभिमानाचे ऋण पुराव्याने फेडता येत नसेल तर ते काढू नये.

या प्रकरणाचा एक धागा थेट म्हैसूरपर्यंत येतो. 'वैमानिक शास्त्र' या नावाचा जो ग्रंथ प्राचीन म्हणून सांगितला जातो, तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि तो लिहून घेण्यात आला. त्यातील विमानांची चित्रे १९२३ मध्ये बंगलोरच्या एका आरेखकाने शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून काढली. त्याची प्रसिद्धी केली ती म्हैसूरचे जी. आर. जोसयर यांनी; त्यांचे इंग्रजी भाषांतर १९७३ मध्ये बाहेर पडले. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७४ मध्ये, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्या ग्रंथाची परीक्षा केली. मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभु आणि गोविंदराजु ही त्यांची नावे. त्यांनी चेष्टा केली नाही, हे विशेष. एखाद्या न्यायालयात तज्ज्ञाने साक्ष द्यावी तसे त्यांनी दोन प्रश्न वेगळे काढले: ग्रंथ केव्हाचा? आणि त्यातील यंत्र उडेल काय? भाषा, वृत्त आणि ग्रंथाची हकीकत तपासून त्यांनी सांगितले की हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही. आकृत्या, वजने आणि मापे तपासून सांगितले की त्यात वर्णिलेल्या विमानांपैकी एकही उडणार नाही. ग्रंथकर्त्यास वायुगतीची जाण नव्हती. तज्ज्ञाची साक्ष अशी असावी. पुढे किती लोकांनी ती ऐकली, हा वेगळा प्रश्न.

आता गंमत पाहा. संस्थेच्या ज्या विमानविद्या विभागातून ही परीक्षा बाहेर आली, तो विभाग १९४२ साली सुरू झाला तो डॉ. घाटगे यांच्या हातून. म्हणजे आपल्या एका कल्पित विमानाचा निकाल देणारी विद्या या भूमीवर एका मराठी माणसानेच रुजविली होती.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. मुंबई विद्यापीठाचे शिक्षण पुरे करून ते जर्मनीत ग्योटिंगेन येथे गेले आणि १९३६ मध्ये लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून परतले. प्रांट्ल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनकच म्हणावयास हवेत. वाहत्या हवेचा अगदी पातळ थर विमानाच्या पृष्ठभागाला चिकटून मंदावतो आणि विमानास होणारा विरोध बव्हंशी त्या थरात ठरतो, हा सीमास्तराचा सिद्धांत त्यांनी १९०४ मध्ये मांडला. त्याच ग्योटिंगेनमधून १९३३ साली हिटलरच्या राजवटीने नामांकित गणिती व भौतिकशास्त्रज्ञांना घालवून दिले होते. विद्येचे एक माहेरघर मोडत असता त्यातले जे घेता येईल ते घेऊन हा तरुण घरी आला.

घरी मात्र विमानाचा एकही कारखाना नव्हता. तो काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी त्यांची गाठ पडली, आणि ब्रिटिश सरकार चालढकल करीत असता म्हैसूर दरबाराने, दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दीत, बंगलोर येथे जमीन व भांडवल देऊ केले. डिसेंबर १९४० मध्ये 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' कंपनीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये हार्लो जातीचे विमान तेथे जुळवून उडविण्यात आले. परंतु आराखडा अमेरिकन, सुटे भाग अमेरिकन. १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीमुळे कारखाना हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात गेला, वालचंदांचा संबंध सुटला आणि पुढे तेथे अमेरिकन सैन्याच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली.

घाटगे या कारखान्यात आरंभीच दाखल झाले होते. पुढे विज्ञान संस्थेत शिकविणे आणि मग पुन्हा कारखाना, असा त्यांचा प्रवास झाला. अध्यापन आणि उद्योग या दोन पेठांमध्ये आपल्याकडे सहसा जाणे-येणे नसते. विद्वान कारखान्यात रमत नाही आणि कारखानदार विद्वानाला विचारीत नाही. आम्ही सरकारी सेवेत निरनिराळ्या खात्यांत जे पाहिले, त्यावरून हे लिहीत आहोत. घाटग्यांना दोन्हीकडे गती होती. वर्गात जे शिकवावयाचे तेच पुढे पत्र्यावर आणि रिव्हेटवर उतरवावयाचे होते.

१९४८ साली सरकारने हवाई दलाच्या वैमानिकांना प्राथमिक शिक्षण देण्यासाठी विमानाचा आराखडा करण्याचे काम कंपनीस दिले. घाटगे यांच्या नेतृत्वाखालील मंडळींनी जे विमान सिद्ध केले ते 'एच. टी. २'. दोन आसने एकामागे एक, पंख खाली, सांगाडा सर्वस्वी धातूचा. हवाई दलात तोवर शिकविण्यासाठी टायगर मॉथ हे लाकूड व कापड यांचे दुपंखी विमान वापरीत. आपल्या उन्हापावसात लाकूड व कापड किती टिकते हे येथे कोणास सांगावयास नको. ऑगस्ट १९५१ मध्ये एच. टी. २ ने पहिले उड्डाण केले. स्वतंत्र भारतात आराखड्यापासून उड्डाणापर्यंत आपल्या लोकांनी केलेले ते पहिले विमान. पुढे सुमारे १७० विमाने बांधण्यात आली, काही आफ्रिकेत घाना देशासही गेली, आणि आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांच्या किती पिढ्या त्यावर हवेत चालावयास शिकल्या! इंजिन मात्र परदेशीच होते, हेही नमूद केले पाहिजे.

नंतर फ्लाइंग क्लबांसाठी 'पुष्पक' आले (१९५८), सैन्याच्या टेहळणीसाठी 'कृषक' आले. १९५६ मध्ये प्रख्यात जर्मन अभियंता कुर्ट टँक आपल्या सहकाऱ्यांसह बंगलोरास आले आणि 'मरुत' हे लढाऊ विमान त्यांनी आखले. १७ जून १९६१ रोजी ते उडाले. त्याची कीर्ती मोठी झाली, आणि ती योग्यही होती. पण ज्या शक्तिमान इंजिनाच्या भरवशावर ते आखले होते ते कधी मिळालेच नाही, त्यामुळे सुंदर देहास दुबळे हृदय लाभावे तशी त्याची गत झाली. त्याच वर्षांत घाटग्यांच्या हाताखाली 'किरण' या जेट शिक्षण विमानाचे काम चालू होते. मिळेल अशा इंजिनाभोवती आखलेले, साधे, सोसणारे विमान. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते उडाले. मरुत १९९० च्या सुमारास निवृत्त झाले. किरण त्यानंतरही पुष्कळ वर्षे शिकवीत राहिले, आणि १९९६ पासून २०११ पर्यंत हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' चमूने ज्या कसरती केल्या त्याही त्याच विमानावर. नावाजलेल्या मरुतापेक्षा अबोल किरणाने देशाची सेवा अधिक केली, असे आमचे मत आहे. ते वादग्रस्त ठरेल याची आम्हांस कल्पना आहे.

१९६५ मध्ये घाटगे यांना 'पद्मश्री' मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी ते निवर्तले. भारतीय विमानविद्या संस्था त्यांच्या नावे पुरस्कार देते आणि बंगलोरात, आजच्या बेंगळुरूत, कंपनीच्या परिसरात एका सभागृहास त्यांचे नाव आहे. ते सभागृह ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्यास मरुताचे पहिले उड्डाण करणारे वैमानिक सुरंजन दास यांचे नाव दिलेले आहे. १० जानेवारी १९७० रोजी मरुताच्याच चाचणीत दास यांचा अंत झाला.

मंडळातील आमच्या बालमित्रांपैकी कित्येक कन्नड शाळेत जातात, घरी मराठी बोलतात आणि सुटीत बंगलोरास नातेवाइकांकडे उतरतात. त्यांच्या आईवडिलांनी त्या शहरातील 'एच. ए. एल.'चे विमान संग्रहालय त्यांस एकदा अवश्य दाखवावे. तेथील विमाने हाताच्या अंतरावरून पाहता येतात, आणि एच. टी. २ समोर उभे राहून घाटग्यांचे नाव मुलांस सांगता येते.